लिहा

मुशीच्या पाठीवरून बोट उलटं फिरवलं
की कळतं, पूर्वीचे सुतार लाकूड कशानं घासत.
चिलोए बेटावर त्या माशाचं नाव
अजून कागदाला चिकटून आहे.
काचकागदाला तिथं म्हणतात लिहा.
"लिहा आण!" दोन्या एदुलिया शेडमधून ओरडायची
आणि माझे मराठी कान पहिले आठ दिवस
वही शोधायचे.

उधाणाच्या भरतीला होडी वर ओढलेली.
पुढचं उधाण पंधरा दिवसांवर,
त्यातले सहा पावसानं खाल्ले.
ओल्या फळीला ती हात लावू देईना.
फळीवर गाल टेकवायची, पोराचा ताप बघावा तसा,
आणि मान हलवायची.
नाही. चूल पेटव.

सातव्या दिवशी ऊन.

नंबर कागदाच्या पाठीवर असतो.
आकडा लहान तेवढा दात मोठा,
हे उलटं गणित मला दोनदा चुकलं.
साठनं सुटे पापुद्रे काढायचे,
एकशेवीसनं साठचे ओरखडे,
दोनशेवीसनं एकशेवीसचे.
"मधली पायरी गाळलीस
तर रंग चुगली करतो."
कागद सायप्रसच्या ठोकळ्याला गुंडाळायचा,
लाकडाच्या रेषेनं जायचं,
आडवं कधीच नाही.
जुना लाल लागला की पाणी घ्यायचं, काळा कागद घ्यायचा,
त्या लालात शिसं असतं.
तिचा भाऊ ती धूळ खाऊन खाऊन
शेवटी चमचा धरू शकत नव्हता.
हे तिनं एकदाच सांगितलं, बादली भरताना.
फळीवर पेन्सिलीनं गिरगोट्या मारायच्या
आणि त्या जाईपर्यंत घासायचं.
माझं लिहिणं एवढंच.

नवव्या दिवशी बोटांचे ठसे गेले,
फोन मला ओळखेना.
ती खूप हसली. स्वतःचा तळवा दाखवला.
त्या हातावर ज्योतिषी उपाशी मेला असता.

होडी विकली गेली होती.
नव्या मालकाला पांढरी हवी होती,
नावाचं तो नंतर बघणार होता.
वर पिवळ्यावर निळ्यानं लिहिलेलं: रोसाल्बा,
दोन बाउदिलियोची बायको, तिला सगळं बेट ओळखतं.
पिवळं गेलं. खाली हिरवं निघालं.
हिरव्यातून दुपारी चारच्या सुमाराला
एका नावाची शेपटी वर आली:
…लिया.

औरेलिया, कोर्नेलिया, ओतिलिया.
त्या बेटावर लिया-शेवटाच्या बायका पुष्कळ.

"हात का थांबला?"
मी सरकलो. ती वाकली.
चष्मा खिशातच होता, काढला नाही,
आणि कागद मागितला तो साठचा.
एकशेवीसवर आलेला माणूस साठवर परत जात नाही,
हे तिचंच वाक्य.
ठोकळा घेतला नाही. नुसत्या बोटांनी,
आडवं.

बाहेर ओहोटीच्या चिखलात कुणीतरी शिंपले खणत होतं.
फावड्याचा आवाज आणि तिचा कागद,
बराच वेळ दोघांत फरक कळेना.

मग पुन्हा एकशेवीस, दोनशेवीस,
ठोकळ्यानं, रेषेरेषेनं, शहाण्यासारखं.
जुना नायलॉनचा मोजा हातात चढवून
तिनं फळीवर फिरवला. धागा कुठे अडकला नाही.
मी उत्साहानं चारशेचा उचलला.
"ठेव तो. पार काच केलीस
तर रंग पाय कुठे रोवणार?"

अस्तर चढलं, मग पांढरा, मग पुन्हा पांढरा.
उधाण पहाटे आलं.
मालकानं होडीभोवती टॉर्च फिरवला,
"आरसा आहे," म्हणाला, आणि पैसे मोजले.

उजव्या अंगाला, नाळेपासून तीन हातांवर,
वीतभर फळी जराशी खोलगट आहे.
टॉर्चला ते दिसत नाही.
मोजा चढवून हात फिरवला तर कळतं.

दोन्या एदुलिया किनाऱ्यावर आली नाही.
शेडमध्ये परतलो तेव्हा
काळा कागद धुऊन तिनं दोरीवर चिमट्यानं लावला होता.
म्हणाली, टाकू नकोस,
अजून दोन होड्या निघतील त्यात.